हिरवळ, तेंदूची पानं आणि आमच्या खो-खोच्या मुली

मैत्रिणींनो, ताडोबा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? वाघच ना? चंद्रपुरात राहायला आल्यापासून माझंही तसंच झालं होतं. कुणी पाहुणे आले की डबे भरायचे, पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या आणि ‘वाघ दाखवायला’ निघायचं. पण गेल्या मे महिन्यात मी ताडोबाच्या वाटेला लागले ती वाघासाठी नव्हे, चक्क एका मैदानासाठी!

त्याचं असं झालं. मी ज्या कॉलेजात अर्धवेळ मराठी शिकवते, तिथल्या मुलींचा खो-खोचा संघ आहे. सराव शिबिर सुट्टीतच घ्यावं लागतं आणि सुट्टीत आमचं मैदान लग्नाच्या मांडवांना भाड्यानं जातं! एक मांडव उतरतो न उतरतो तोच दुसऱ्याचे बांबू येऊन पडतात. खेळाचे सर बिचारे हैराण. तेवढ्यात आमच्या ह्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ भेटले. मोहर्लीच्या रस्त्यावर एका रिसॉर्टचं काम ते पाहतात. म्हणाले, “मंगळवारी ताडोबा बंद असतं, त्यामुळे सोमवारी रात्री आमच्या खोल्या रिकाम्याच असतात. मुलींना घेऊन या. आमची हिरवळ तर अशी आहे की गोल्फ खेळावा!”

मुलींबरोबर कुणी तरी बाईमाणूस हवं, म्हणून माझी वर्णी लागली. मुलांना आजीकडे सोपवलं, भाकरीचं पीठ दळून ठेवलं नि सोमवारी दुपारी निघाले.

वाट मोठी मजेची आहे बरं का! आधी जटपुरा गेटच्या गर्दीतून बाहेर पडायचं. गोंड राजांच्या परकोटाची ही वेस अजून शहराची रहदारी अंगावर घेत उभी आहे. याच शहरात राणी हिराईनं आपल्या पतीची, बीरशहाची, समाधी बांधली. बायकोनं नवऱ्यासाठी उभारलेली अशी वास्तू आपल्याकडे किती ठिकाणी दिसते, सांगा बघू! शहर मागे पडलं की महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. 2920 मेगावॅटचं हे केंद्र म्हणजे राज्याच्या घराघरांतले दिवे नि मिक्सर चालवणारी चूलच. तिला पाणी लागतं ते इरई धरणाचं. पद्मापूर गेलं की कोळशाची धूळ हळूहळू विरते, आगरझरीला पोहोचेपर्यंत दोन्ही बाजूंनी साग नि बांबू सुरू होतात आणि झाडांमधून त्याच इरईचं पाणी चकाकताना दिसतं. तीसेक किलोमीटरचा रस्ता, पण दोन जगं ओलांडल्यासारखं वाटतं.

रिसॉर्टच्या फाटकातून आत गेलो आणि मुली एकदम गप्प झाल्या. बाहेर मे महिन्याचं रान. पानगळ झालेला साग, तापलेली लाल माती, पारा पंचेचाळिशीच्या आसपास. आणि आत, तुमच्या-माझ्या दिवाणखान्यातला गालिचा पसरावा तशी हिरवीगार हिरवळ! वर पाण्याचे फवारे गरगरत होते.

“मॅडम, इथं कोण खेळतं?” एकीनं विचारलं.

“कुणीच नाही. ती बघायला असते,” मी म्हटलं. तिला ते काही पटलं नाही.

सरावाची वेळ झाली आणि खरी गंमत सुरू झाली. खो-खोला दोन्ही टोकांना खांब लागतात. सरांनी पहार मागवली, तर माळीदादा धावतच आले. हिरवळीत खड्डा खणायचा नाही! मग खांबांऐवजी दोन खुर्च्या ठेवल्या. खो-खोच्या खेळाडूनं खांबाला धरून गर्रकन वळायचं असतं. खुर्चीला धरून वळायला गेली की खुर्चीच तिच्याबरोबर यायची. त्यात गवत ओलं. मातीत धावणाऱ्या पायांना तिथं पकडच मिळेना. अर्ध्या तासात चौघी घसरून पडल्या, पाचवीच्या ढोपराला लागलं. शेवटी सरांनी शिट्टी वाजवली नि म्हणाले, “बसा आता, गार हवा खा.”

त्यात आमची कर्णधारच आली नव्हती. तिचं गाव रिसॉर्टपासून चार-पाच किलोमीटरवर, तेव्हा ती परस्पर येणार होती. पण “घरी काम आहे” एवढाच निरोप आला.

रात्री जेवणं झाल्यावर मुली त्याच हिरवळीवर पाय पसरून बसल्या आणि विषय निघाला गोल्फचा. मी थोडंफार वाचलेलं होतं, ते सांगितलं. चेंडू काठीनं टोलवत टोलवत एका भोकात घालायचा, ते भोक जेमतेम सव्वाचार इंच रुंद! पण अशी अठरा भोकं असलेल्या मैदानाला जागा लागते सव्वाशे-दीडशे एकर. आणि आपल्या खो-खोला? 27 मीटर लांब नि 16 मीटर रुंद, म्हणजे सव्वाचार गुंठे. सरांनी तिथल्या तिथं हिशेब मांडला: एका गोल्फच्या मैदानात खो-खोची अकराशेहून जास्त मैदानं बसतील. मुली हसून हसून लोळल्या.

परदेशात कॉलेजांचे गोल्फचे संघ सुट्टीच्या ठिकाणी, रिसॉर्टांच्या मैदानांवर जाऊन सराव करतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात पाइनहर्स्ट नावाचं असं गाव आहे, 1895 मध्ये वसवलेलं. तिथं एकाच रिसॉर्टची कितीतरी मैदानं आहेत. 2014 मध्ये त्यातल्या एकाच मैदानावर अमेरिकेची पुरुषांची आणि बायकांची खुली स्पर्धा लागोपाठच्या दोन आठवड्यांत झाली. एकच माती, एकच गवत, दोघांना सारखं. आणि हे आपोआप घडत नाही बरं का. त्या देशात 1972 मध्ये कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनं मुलगी म्हणून कुणाला डावलायचं नाही, त्यानंतर तिथल्या कॉलेजांत मुलींच्या संघांची संख्या वाढत गेली.

आपल्याकडची आदिती अशोक तर तुम्हाला आठवतच असेल. 7 ऑगस्ट 2021, शनिवारची सकाळ. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ती चौथी आली, एका फटक्यानं पदक हुकलं. गोल्फ म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या किती तरी जणी त्या सकाळी पोळ्या लाटता लाटता दूरदर्शन संचाकडे बघत होत्या, मीही त्यातलीच! त्या दिवशी तिची काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन मैदानभर तिच्याबरोबर कोण चालत होतं, ठाऊक आहे? तिची आई! 2016 मध्ये रिओला वडिलांनी ती पिशवी उचलली होती, टोकियोला आईनं.

“आमच्या आया मैदानावर आल्या तर चूल कोण पेटवणार?” एक मुलगी म्हणाली. सगळ्या हसल्या, पण ती हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास रिसॉर्टची गाडी घेऊन आम्ही कर्णधाराच्या गावी गेलो. पायी जायची सोय नाही, या रस्त्यावर पहाटे नि सांजवेळी कुणी पायी फिरत नाही. शेणानं सारवलेलं अंगण, दारात मोहाचं झाड, ओट्यावर आजी बसलेली. “माय-लेकी पानाले गेल्या,” आजी म्हणाली. “बसा जी, येतीन आता.”

पानं म्हणजे तेंदूची पानं, विडीची. मे महिन्यात जेमतेम दोन-तीन आठवडे हा हंगाम चालतो. उजाडता उजाडता बायका रानात शिरतात, वाकून वाकून पानं खुडतात नि ऊन चढायच्या आत भारे डोक्यावर घेऊन परततात. मग दिवसभर पुडे बांधायचे, सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे खरेदीच्या ठिकाणी, नेऊन मोजून द्यायचे. असे 1000 पुडे भरले की एक गोणी होते. धान कापून झालेलं, रोवणीला अजून अवकाश. अशा दिवसांत घरात रोख पैसा येतो तो या पानांचाच. पोरांची वह्या-पुस्तकं, खरिपाचं बियाणं, एखादं लुगडं, सगळं त्यातून.

नऊ वाजले. एक एक करत बायका परतू लागल्या. दहा वाजले. शेजारघरची भारा टाकून पाणी प्यायली नि म्हणाली की त्या मायलेकी नाल्यापर्यंत सोबत होत्या, मग दिसल्या नाहीत. अंगणातली बडबड थांबली. आजी काही बोलत नव्हती, फक्त रस्त्याकडे बघत होती.

मैत्रिणींनो, आपण शहरात राहून वाघाचे फोटो काढतो, ‘दिसला का?’ म्हणून एकमेकींना विचारतो. त्या अंगणात बसल्यावर मला कळलं की त्याच प्रश्नाचा अर्थ इथं किती वेगळा आहे. मे 2025 मध्ये याच जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पानं खुडायला बाई वाकते, झुडपाएवढीच दिसते, मागचं काही तिला दिसत नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही जावं लागतं.

ही गोष्ट आजची नाही म्हणा. ताडोबाच्या तळ्याकाठी तारू देवाचं ठाणं आहे. तारू हा गोंडांचा गावप्रमुख, वाघाशी झुंजताना मारला गेला, अशी कथा आहे, आणि पौषात तिथं जत्रा भरते. त्या देवाच्या नावावरून ताडोबा. पुढं 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलं. 1986 मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झालं, 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. आज भोवतालचं बफर क्षेत्र धरून सतराशे चौरस किलोमीटरवर जागा वाघाच्या नावे आहे. त्याच बफरमध्ये ही गावं आहेत, ही अंगणं आहेत, आणि रिसॉर्टांच्या हिरवळीही आहेत.

साडेअकराला त्या आल्या. पुढे आई, मागे आमची कर्णधार, दोघींच्या डोक्यावर भारे, घामानं निथळलेल्या. नाल्याच्या वाळूत पावलांचे ताजे ठसे दिसले, म्हणून लांबचा फेरा घालून आल्या होत्या. आजीनं काही विचारलं नाही, पाण्याचा गडवा पुढे केला. मी मात्र खांबाला टेकून बसले, माझ्याच पायांत बळ राहिलं नव्हतं.

कर्णधार माझ्याकडे बघेचना. “मॅडम, मी येणार होते...” एवढंच म्हणाली. आईनंच सांगितलं, “पोरगी खेलते तं मले का वाईट वाटते का जी? पन हे पंधरा दिवस गेले का वरीसभर हातात पैसा नाई. दोन हातानं किती पानं आनू?”

काय उत्तर देणार होते मी? शिबिराची तारीख ठरवताना आम्ही मांडव कधी उतरतो ते पाहिलं, रिसॉर्टच्या खोल्या कधी रिकाम्या असतात तेही पाहिलं. पण मुलींच्या घरी तेव्हा काय चाललेलं असतं, हे काही कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. घरातल्या मुलीचं बाळंतपण नि मुलांच्या परीक्षा पाहून प्रवासाचा बेत आखणारी मी, हे मला सुचू नये!

तेवढ्यात बघते तर आमच्या अकरा मुली अंगणात गोल करून बसल्या होत्या. भारे सोडले गेले, आजीनं दाखवलं कसं ते. पानं सारखी करायची, मोजायची, सालीच्या दोरीनं आवळायची. पहिले काही पुडे इतके ढिले झाले की आजीनं ते हसत हसत सोडून टाकले. पण खो-खोवाल्यांचे हात ते! तासाभरात मोजणी पाठ झाली. एक मोजायची, दुसरी आवळायची, तिसरी रचायची. “मॅडम, ही आपल्या कॅप्टनची पिशवी उचलणं चाललंय!” रात्री न हसलेली ती मुलगी म्हणाली, आणि या वेळी तीच आधी हसली. मी नि कर्णधाराची आई चुलीपाशी होतो. भात, तुरीचं वरण आणि वर भरपूर सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तुम्ही गोंधळून जाऊ नका!

तीनपर्यंत पुडे बांधून झाले. ऊन उतरल्यावर आई आणि आजी फळीकडे गेल्या, आणि आम्ही गावातल्या शाळेच्या पटांगणात गेलो. तिथं काय असावं? खो-खोचे दोन लाकडी खांब, कधीचे रोवलेले, हातांनी गुळगुळीत झालेले! माती पायाला ओळखीची. आठ जणी रांगेत उकिडव्या बसल्या, नववी धावू लागली. ‘खो’ म्हणून पाठीवर थाप पडली की बसलेली उठते, धावलेली बसते. आमची कर्णधार पहाटेपासून रानात राबलेली, पण खांबाला धरून अशी वळली की बघणाऱ्या पोरांनी टाळ्या पिटल्या. अंधार व्हायच्या आत खेळ थांबवायचा, हे गावकऱ्यांनी आधीच बजावलं होतं. फळीवरून परतताना आई कडेला येऊन उभी राहिली. पदरानं तोंड पुसत पाहत होती. किती वेळ उभी होती, मला सांगता येणार नाही. मी पाहिलं तेव्हा ती मुलीबरोबर मान वळवत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

निघताना तिनं सरांना सांगितलं, “पानं सरली का धाडतो पोरीले. तवर दुसरी घेऊन खेला.”

सर म्हणाले, “दुसरी नको. शिबिरच पानं सरल्यावर घेऊ.”

आणि तसंच झालं. हंगाम संपल्यावर शिबिर भरलं. तोवर लग्नाचे मुहूर्तही सरले होते, आमचंच मैदान मोकळं झालं. पहिला पाऊस येईतो आठ दिवस मिळाले. कर्णधार पहिल्या दिवसापासून हजर होती. स्पर्धेत काय होईल ते होवो.

आमच्या या भागात मुलींना काही जमत नाही, असं कुणी म्हणू नये. मे 2018 मध्ये याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर चढली, त्यात एक मुलगी होती. बल्लारपूरजवळ विसापूरला आता मोठं क्रीडासंकुल आहे, डिसेंबर 2023 मध्ये देशभरातले शाळकरी धावपटू तिथं धावून गेले. आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो आपल्या मुलींनी जिंकला. अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं 78-40 असं, आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. सव्वाचार गुंठ्यांतला खेळ जगभर पोहोचला, तो काही हिरवळीवरून नाही पोहोचला!

आता तुम्ही म्हणाल, एवढं सांगितलंस, पण आम्ही ताडोबाला यावं की नाही? अवश्य या! मंगळवार सोडून या, आणि जुलै ते सप्टेंबर मुख्य जंगल बंद असतं हे लक्षात ठेवा. फेरीची नोंदणी आधी करा, सुट्टीत ऐनवेळी जागा मिळत नाही. उन्हाळ्यात येणार असाल तर सुती, मातकट रंगाचे कपडे घाला, डोक्याला दुपट्टा बांधा, बरोबर मीठ-साखरेचं पाणी ठेवा. मोहर्लीला गावातल्या बायका वाटाड्याचं काम करतात. अशी एखादी मिळाली तर तिच्याशी चार गोष्टी बोला, वाघ दिसो न दिसो, फेरी फुकट जाणार नाही. आणि परतीच्या वाटेवर डोक्यावर हिरवे भारे घेतलेल्या बायका दिसल्या तर गाडी जरा हळू घ्या.

आणखी एक. तुमच्या शाळेत, मंडळात, सोसायटीत मुलींसाठी काही शिबिर ठरत असेल, तर हॉल कधी मिळतो हे विचारण्याआधी मुलींच्या आयांना विचारा की या दिवसांत घरी काय काम असतं. दोन मिनिटांचा प्रश्न आहे. आम्ही तो विचारला नाही, म्हणून आमची कर्णधार हिरवळीच्या आणि रानाच्या मध्ये अडकली होती.